मदत हवी आहे: ट्रॅकवर पळवायच्या स्विफ्टला इंजिन ऑइल कोणतं?

तिसरा गिअर

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय.

गाडी जुनी पेट्रोल स्विफ्ट, के१२एम इंजिन. असते पुण्यात, पण रोजच्या वापरातून काढली आहे. मागची सीट आणि गालिचे काढलेत, आत सुरक्षेचा लोखंडी पिंजरा (केज) बसवलाय, टायर चिकट रबराचे. इंजिन मात्र कंपनीतून आलं तसंच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर ट्रॅक-डे (स्वतःची गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) असला की ट्रेलरवर टाकून नेतो.

पुस्तकात ५डब्ल्यू-३० (ऑइलच्या दाटपणाची ग्रेड) लिहिलंय, तेच घालतो. घोळ असा आहे की सेशन संपत आलं की एका लांब वळणात ऑइलची लाल बत्ती क्षणभर लुकलुकते. गाडी सरळ झाली की गायब. पाण्याचं तापमान ओबीडीवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर) व्यवस्थित दिसतं, तेलाचं या गाडीत कळतच नाही. घरी येऊन ऑइल काढलं. ड्रेन बोल्टला चुंबकवाला बोल्ट लावलाय, त्यावर नेहमीची करडी पेस्ट, बाकी काही नाही.

आमचे मिस्त्री म्हणतात, "२०डब्ल्यू-५० टाका, बत्ती विझेल." पॅडॉकमधला (ट्रॅकवर गाड्या उभ्या करतात तिथला) मित्र मोतुल ३००व्ही या रेसच्या ऑइलच्या खाली बोलत नाही, आणि त्याचा भाव ऐकून माझे डोळे पांढरे होतात. तिसऱ्याचं म्हणणं, ट्रकचं १५डब्ल्यू-४० घाल, त्यात झीज रोखणारं जस्त भरपूर असतं. यातलं खरं काय? आणि किती दिवसांनी बदलायचं?

पाना-पक्कड

आधी बत्तीचं बोलू, ऑइलचं नंतर. ती बत्ती म्हणजे प्रेशर गेज नव्हे. प्रेशर जवळपास संपल्यावरच ती लागते. आयडलला लुकलुकली असती तर वेगळी गोष्ट, पण वळणात चार-पाच हजार आरपीएमला लागते म्हणजे पंपाने तेलाऐवजी हवा ओढली. या इंजिनात तेल मावतं तीन लिटरच्या जरा वर. चिकट टायरांवर लांब वळण घेतलं की चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) तेल एका बाजूला चढतं आणि पिकअपची, म्हणजे पंप तेल ओढतो त्या नळीची, जाळी उघडी पडते. जाळीपाशी तेलच नसेल तर जाड काय न् पातळ काय!

उलट २०डब्ल्यू-५० ने काम बिघडू शकतं. जाड तेल हेडमधून (इंजिनाच्या वरच्या भागातून) खाली उतरायला वेळ घेतं, म्हणजे जास्त आरपीएमला चेंबरमध्ये आधीच कमी उरतं. शिवाय त्या इंजिनाचं व्हीव्हीटी (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) तेलाच्याच दाबावर चालतं, ते आळशी होतं.

चुंबकावरही जाऊ नका. बेअरिंगच्या कवचांवर ॲल्युमिनियम, तांबं, कथिल असले धातू असतात, चुंबकाला ते चिकटतच नाहीत. जुना फिल्टर कटरने कापा (हॅकसॉने नको, तिचाच कीस आत पडतो), कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा. सोनेरी किंवा चंदेरी चमचम दिसली तर ट्रॅक विसरा, इंजिन उघडा.

कोल्हापुरी पिस्टन

पाना-पक्कड यांच्याशी सहमत, फक्त ग्रेड अगदीच गौण नाही. ट्रॅकवर तेल १२०-१३० अंशांवर सहज जातं. अशा वेळी डब्यावरच्या ३०-४० पेक्षा एचटीएचएस बघायचं, म्हणजे १५० अंशांवर, जोराच्या घर्षणात तेलाचा थर किती टिकतो ते. ३० ग्रेडला किमान २.९ चालतं, ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५ लागतं. बेअरिंगला हा फरक कळतो. तेव्हा चांगलं फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, डब्यावर एसीईए ए३/बी४ (युरोपीय कार कंपन्यांचं ऑइलचं मानक) लिहिलेलं. बास. मोबिल, शेल, कॅस्ट्रॉल, ज्याचं खात्रीचं मिळेल ते. नकली डबे बाजारात पैशाला पासरी आहेत, बिल घेतल्याशिवाय घेऊ नका.

३००व्ही उत्तमच आहे, एस्टरवालं, पण ते रेससाठी बनवलेलं, वरचेवर बदलायचं तेल. तुमच्या इंजिनाला त्याची गरज आहे असं मला वाटत नाही. ते पैसे गेजमध्ये घाला. ट्रकच्या तेलात जस्त जास्त असतं हे खरं, पण ते डिझेलची काजळी धरून ठेवायला बनवलेलं असतं, आणि १५डब्ल्यू-४० हे बहुतेक वेळा मिनरल असतं. तापलेल्या पेट्रोल इंजिनात ते लवकर थकतं.

तिसरा गिअर

दोघांचेही आभार. फिल्टर ठेवलाय, उद्याच कापतो. म्हणजे गेज लावायचा ठरला. सँडविच प्लेट (इंजिन आणि ऑइल फिल्टरच्या मधे बसणारी चकती) घालून प्रेशर आणि तापमान दोन्ही सेन्सर घेतले तर चालेल ना? आणि तेल वरच्या खुणेच्या थोडं वर भरलं तर?

पाना-पक्कड

प्लेट चालेल, फिल्टरचे आटे जुळतात का ते आधी बघा. पहिल्यांदा इंजिन चालू केल्यावर खाली वाकून ओल आहे का तपासा, फिल्टरपाशी गळती लागली तर तीन लिटर तेल जायला वेळ लागत नाही.

वर पाव लिटरपर्यंत ठीक, अर्ध्याच्या पुढे जाऊ नका. क्रँक तेलात बुडून घुसळायला लागला की फेस होतो आणि पंप पुन्हा हवाच ओढतो. खरा उपाय चेंबर उतरवून पिकअपभोवती पत्र्याचा बॅफल, म्हणजे तेल अडवणारा आडोसा, जोडणं हाच. जोडाईवाल्याला पिकअपची उंची मोजून द्या, पत्रा जाळीला टेकता कामा नये. तापमान १३० च्या वर टिकू लागलं तरच तेलाचा कूलर, तोही थर्मोस्टॅटवाला.

बदलायचं म्हणाल तर तुमच्या वापराला दर दोन ट्रॅक-डेनंतर, फिल्टरसकट. आणि बॅफल होईपर्यंत त्या वळणात जोर लावू नका, बत्ती दिसली की पाय उचला.

तिसरा गिअर

ठीक. ५डब्ल्यू-४० घेतो. के१२ चा चेंबर उतरवून बॅफल बसवलेला पुण्यात कोणी आहे का? भोसरी-चिंचवडकडे ॲल्युमिनियमची नीट जोडाई करणारा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पत्र्याचा कागदी साचा कोणाकडे असला तर त्याचाही फोटो टाका.