जिन्याखालचे रंगाचे डबे

बी-३०२: नमस्कार मंडळी. जिन्याखालचे रंगाचे डबे आज सगळे बाहेर काढले. ११ निघाले. कबाडीवाल्यानं हात लावला नाही, रिकामे असतील तरच घेतो म्हणाला. हात जोडून सांगतो, नालीत कोणी ओतू नका. ते सगळं शेवटी नाग नदीतच जातं.

ए-१०४: आमच्या हॉलचा पिस्ता असेल ना त्यात? वाळला असेल आता.

बी-३०२: नाही काकू! वर रबरासारखी साय धरली होती. ती सुरीनं कापून काढली, खाली रंग मस्त. घरच्या जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळला. त्यात कोणाचं तरी क्रीम अन् जांभळं इमल्शन (पाण्यातला रंग) मिसळलं, तर पावसाळी आभाळासारखा राखाडी झाला. पार्किंगमधल्या सायकल स्टँडच्या भिंतीवर हातभर लावून पाहिला, छान दिसते. आतला रंग आहे, पण तिथं पावसाचं पाणी येत नाही.

डी-४०३: ऑइल पेंट पण टाका त्यातच, भिंत होऊन जाईल पूर्ण.

बी-३०२: नको, पाण्यातल्या रंगात ऑइल पेंट टाकला की फाटतो. ब्राऊन ऑइल पेंट कूलरच्या स्टँडसाठी ठेवला आहे. आधी पॉलिश पेपरनं गंज घासा, मग गंज रोखणारा रेड ऑक्साइडचा हात, मग रंग. अन् ऑइल पेंटच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

सी-२०१: भाऊ, लाल ऑइल पेंट मले द्या ना. तान्ह्या पोळ्याले पोराच्या लाकडी बैलाले लावतो.

बी-३०२: दादा, तेवढं नका करू. डब्यावर पॅकिंग २०१४ चं आहे. रंगातल्या विषारी शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यात किती असेल, काय भरवसा? लहान पोरं बैलाचं शिंगही चावून पाहतात. बैलाले गेरू लावा. लाल डबा मी कुठंच वापरणार नाही.

ए-१०४: मग त्याचं काय करणार?

बी-३०२: झाकण घट्ट लावून वेगळा ठेवला. घनकचरा नियमांप्रमाणे रंगाचे डबे वेगळे द्यायचे असतात, ओल्या-सुक्यात टाकायचे नाहीत. गाडीवाल्याशी मीच बोलतो.

सी-२०१: बरं झालं सांगितलं. रविवारी पोराले घेऊन येऊ का भिंतीवर?

बी-३०२: आणा ना. जुना शर्ट घालून. खालचा हातभर पट्टा त्याचा.