नवशिक्याने शॉर्ट-स्केल बास गिटार (वाजणाऱ्या तारेची लांबी साधारण ३० इंच) घ्यावी की थेट ३४ इंची?

खर्जवेडा:
बास शिकायची म्हटलं की सल्ला ठरलेला: 'फुल स्केलच (३४ इंची) घे, नाहीतर वर्षभरात बदलावी लागेल.' मला हे पटत नाही. ३४ इंचीवर नट (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) ते पहिला फ्रेट (बोटं दाबायच्या पट्टीवरची धातूची आडवी तार) अंतर साधारण ४८.५ मिमी, ३० इंचीवर जेमतेम ४३. खालच्या फ्रेट्सवर चार बोटं ताणताना हा फरक थेट मनगटाला कळतो. आणि हा पोरखेळही नाही. बीटल्सच्या मॅकार्टनीची हॉफनर, क्रीमच्या जॅक ब्रूसची गिब्सन ईबी-३, दोन्ही शॉर्ट-स्केलच. बजेट बेताचं असेल तर साधी शॉर्ट-स्केल घ्या आणि उरलेले पैसे तारा आणि सेटअपवर (तारांची उंची, सूर वगैरे जुळवून घेण्यावर) घाला.

चौथी_तार:
साफ असहमत. त्या दोघांच्या हातात काही स्वस्तातला माल नव्हता. खरी गोम ई तारेत, म्हणजे सगळ्यात जाड तारेत आहे. तार तीच, सूर तोच, लांबी ३४ची ३० केली की ताण सुमारे २२ टक्के उतरतो. तार लुळी पडते. जोरात छेडली की सूर आधी चढतो, मग जागेवर येतो. ड्रम्स सुरू झाले की नुसता गुंगाट, आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात कच्चा.

खर्जवेडा:
मग जाड तार लावा की! १०५ऐवजी ११०ची (जाडी, इंचाच्या हजारांशात) ई लावली तर गेलेल्या ताणातला साधारण तिसरा हिस्सा परत येतो. फक्त संच शॉर्ट-स्केलचाच घ्या. लांब तार कापून लावली तर जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि तार नीट बसत नाही. गुंगाटाचं म्हणाल तर आधी अँपवरचा खर्ज (बेस) कमी करून बघा.

पेचकस:
तुमचं चालू द्या, पण सेटअप न केलेली बास कुठल्याही लांबीची असो, रडवतेच.
ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली ०.२५ ते ०.३ मिमी फट हवी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फटच नसेल तर ट्रस रॉड (नेकमधली, म्हणजे दांड्यातली, बाक जुळवणारी सळई) किंचित सैल करा. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही. मग ऍक्शन, म्हणजे तारांची उंची: बाराव्या फ्रेटवर ईखाली अडीच मिमी, सगळ्यात बारीक जी तारेखाली दोनच्या आसपास. इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर खरा लागणं) सगळ्यात शेवटी. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकता तुकडा) मागे घ्या. हा क्रम उलटा केलात की सगळं पुन्हा करत बसाल.
बास घेण्याआधी ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायचा भाग) बघा. स्क्वायर कंपनीच्या जुन्या ब्रॉन्को या शॉर्ट-स्केल बासवर चार तारांना दोनच सॅडल असत. ई जुळवली की शेजारची ए हलते, तिथे तडजोडच.

चौथी_तार:
म्हणजे स्वस्त बास, वर नवा ब्रिज, जाड तारा, आणि त्या बसाव्यात म्हणून नटची खाच कानसायची. मग स्वस्त काय राहिलं? त्यापेक्षा वापरलेली ३४ इंची घ्या. बोटं पुरत नसतील तर खालच्या फ्रेट्सवर चारऐवजी पहिलं, दुसरं आणि करंगळी वापरा. डबल बासवाले त्याहून कितीतरी लांब तारेवर असंच निभावतात.

खर्जवेडा:
निभावतात, पण तसं शिकवणारा समोर असतो. घरी एकट्याने शिकणारा दुखऱ्या मनगटाने बास कोपऱ्यात ठेवून देतो, त्याचं काय?

मंद्रसप्तक:
दोघांचंही वाचलं, कल खर्जवेडा यांच्याकडे. अवांतर: घेताना पट्टा अडकवून उभं राहा आणि दोन्ही हात सोडा. हलक्या बॉडीच्या शॉर्ट-स्केलमध्ये नेक खाली झुकण्याची खोड असते, विशेषतः गिब्सन एसजी गिटारच्या (दोन शिंगांच्या) आकारात. ती असेल तर डावा हात वाजवायच्या आधी नेक सावरण्यातच गुंततो, आणि ते कुठल्याही सेटअपने सुटत नाही.