सातबारावरील नावाची चूक कलम १५५ खाली दुरुस्त होईल का?

नमस्कार. संगणकीकृत सातबारावर माझ्या आईचे नाव चुकीचे उमटले आहे; जुना हस्तलिखित उतारा आणि फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद) या दोन्हींत मात्र ते बरोबर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ नुसार लेखनप्रमाद (लिहिताना झालेली चूक) दुरुस्त करता येतो, परंतु हक्काचा वाद त्या मार्गाने सोडवता येत नाही, असे मी वाचले आहे. आमच्याकडे वाद मुळीच नाही. तरीही कार्यालयातून सर्व सहहिस्सेदारांची संमतिपत्रे मागितली जात आहेत, आणि त्यांपैकी काकू आता हयात नसल्यामुळे अर्ज अडून राहिला आहे. जुन्या उताऱ्याची प्रमाणित प्रत जोडल्यावरही ही संमती खरोखरच आवश्यक असते का? अशी दुरुस्ती करून घेतलेल्यांनी, तहसीलदारांकडील अर्जात मागणी कोणत्या शब्दांत मांडावी, हे कृपया सविस्तर सांगावे.