ठसेकाम भेंडीपुरते थांबू नये
तिसरी-चौथीच्या मुलांच्या हाती लिनोकटची, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर ठसा कोरण्याची, धारदार हत्यारे देऊ नयेत, त्यांना कापलेल्या भेंडी-बटाट्याचेच ठसे करू द्यावेत, असे एक मत मांडले जाते. त्यातली हत्यारांची बाब मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु म्हणून ठसेकाम भेंडी-बटाट्यापुरतेच ठेवावे, हे पटत नाही. जाड पुठ्ठ्यावर सुतळी किंवा कातरलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे फेविकॉलने चिकटवून, वरूनही फेविकॉलचा पातळ हात फिरवून रात्रभर वाळवले, तर पुठ्ठा रंग फारसा शोषत नाही आणि त्याच ठशावरून अनेक प्रती निघतात. पोस्टर कलर स्पंजने अगदी पातळ टिपावा, कारण रंग जास्त झाला की सुतळीचा पीळ बुजतो. ठशावर ठेवलेला कागद चमच्याच्या पाठीने घासल्यास हा पीळ स्पष्ट उमटतो. ठशावर स्वतःचे नाव केले तर ते उलटे छापले जाते, हे मात्र मुलांना आधी सांगू नये, त्यांचे त्यांनाच शोधू द्यावे.