विशेष शाळांनी म्हणे दहावीचे निकाल लावावेत!

कोपरीची_बाई

परवा आपल्या ठाण्याच्या पालक-ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं की ठाणे-नवी मुंबईतल्या विशेष शाळांनी दहावीचे निकाल टक्केवारीसकट जाहीर करावेत, आणि ज्या शाळेतून पाच वर्षांत एकही मूल दहावी होत नाही तिचं अनुदान थांबवावं. खाली अंगठ्यांची ही रांग! तिथे तीन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून इथे लिहिते.

मी मतिमंद मुलांच्या शाळेत शिकवते. आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर आहे, पगार वेळेवर नसतो, बाकी सगळं आहे. वर्गात वय वर्षं अकरा ते सोळा. एकाला बसचा नंबर वाचता येतो, पण वीस रुपये दिले तर परत किती घ्यायचे ते कळत नाही. एकीला पैशांचा हिशेब पक्का, पण अनोळखी माणूस बोलला की ती कोपऱ्यात जाऊन बसते. यांचा 'निकाल' मी कुठल्या रकान्यात लिहू?

आणि शंभर टक्के निकाल कसा लागतो हे आपल्याला माहीत नाही का? नववीतच कच्ची मुलं बाजूला काढायची, पालकांना केबिनमध्ये बोलवायचं आणि गोड आवाजात १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगायचं. मूल बाहेरून बसलं की शाळेचा फलक स्वच्छ. उद्या आमच्या शाळांना टक्केवारी लावा, आम्हीही तेच करू. बुद्ध्यांक ६५ वाल्याला हसत प्रवेश, ४० वाल्याला 'सध्या जागा नाही'. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण म्हणतो. 'पास होणाऱ्यांना' असं त्यात कुठेही नाही.

ऐरोलीचा_बाप

बाई, तुमचा राग समजला. आता माझा ऐका.

माझ्या मुलाचा बुद्ध्यांक ५८. विशेष शाळेत त्याची पुरी नऊ वर्षं गेली. दर जूनमध्ये त्याच्या वर्षभराच्या उद्दिष्टांच्या वैयक्तिक आराखड्यावर माझी सही घ्यायचे. शेवटच्या तीन वर्षांचे आराखडे मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. 'शर्टाची बटणे लावणे: प्रगतिपथावर.' तीनही वर्षं. अहो, तो पोरगा घरी माझ्या शर्टाची बटणं लावत होता! विचारलं तर म्हणाले, शाळेत मूड नसतो त्याचा.

मी एनआयओएसचं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं नाव काढलं तेव्हा मुख्याध्यापिकांनी 'त्याला झेपणार नाही, तुम्ही वास्तव स्वीकारा' असं सुनावलं. वास्तव त्यांनी ठरवायचं आणि स्वीकारायचं मी. शाळा सोडली. आधी ओबीईची, म्हणजे त्यांच्याच मुक्त प्राथमिक शिक्षणाची 'क' पातळी, म्हणजे आठवी, मग दहावी. मराठी, गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एन्ट्री आणि बिझनेस स्टडीज. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, त्यातल्या बऱ्याच वापरल्या आणि सुटला. आज तो महापेला एका गोदामात लेबलं लावतो. भरतीच्या फॉर्मवर 'शैक्षणिक पात्रता' या ओळीत तो काहीतरी लिहू शकतो, आणि त्याच्याच जुन्या वर्गातले मित्र लिहू शकत नाहीत.

निकाल लावायला सांगितला की तुम्हाला घाम का फुटतो? जिथे मोजमाप नाही तिथे रंगकाम चालतं. दिवाळीला पणत्या, राखीला राख्या, २६ जानेवारीला झेंडा.

टीपकागद

+१. पणत्यांचं तर विचारूच नका. दर वर्षी आमच्या सोसायटीत स्टॉल लागतो, पणत्या रंगवलेल्या कुणी ते दिसतंच. इतकी सरळ रेघ मलाही येत नाही.

कोपरीची_बाई

बटणांचा किस्सा वाचून मलाच लाज वाटली, आम्हा शिक्षकांचीच जात आहे ती. पण तुमचा मुलगा ५८ चा आहे, हे तुम्ही विसरता. माझ्या वर्गात ३८ चाही होता. त्याच्या आईने तुमच्यासारखीच जिद्द धरली. ट्यूशन, पाठांतर, रडारड. 'क' पातळी कशीबशी झाली. त्या तीन वर्षांत तो एकट्याने रिक्षात बसायचं विसरला, कारण सराव कोण देणार, सगळा वेळ प्रश्नोत्तरांत. आज प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आहे आणि पोरगा घरात टीव्हीसमोर. उलट आमची एक विद्यार्थिनी कधीही परीक्षेला बसली नाही. ती ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याहून तुर्भ्याला एकटी जाते, दिव्यांगांच्या डब्यात जागा नसेल तर भांडून बसते, आणि एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. तुमच्या टक्केवारीत ती शून्य.

ऐरोलीचा_बाप

एक तुमची गोष्ट, एक माझी. बरोबरी झाली, की माझी खोटी?

हिशेबनीस_घोडबंदर

मूळ मुद्द्यावर दोघंही बरोबर असाल, मला कळत नाही. पण परीक्षा आणि सवलती हा विषय निघालाच आहे तर एकदा बोलूनच टाकतो. विशेष शाळा राहू देत, साध्या शाळांत काय चाललंय? माझ्या मुलीच्या वर्गात नववीपर्यंत पहिल्या पाचात असलेल्या एकाला दहावीत अचानक एलडी, म्हणजे अध्ययन अक्षमता निघाली! तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला सरळ एक तास. शुद्धलेखनाच्या चुका माफ. माझी मुलगी घड्याळाकडे बघत शेवटचा निबंध अर्धा सोडून आली. तिने काय गुन्हा केला? ज्यांच्याकडे पैसे आहेत ते दाखले काढतात, हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही.

सानपाड्याची_आई

आलात का तुम्ही! या विषयावर धागा निघाला की तासाभरात एक 'अचानक एलडी निघाला'वाला येतोच.

दाखला काढून बघा एकदा. सरकारी रुग्णालयाच्या एलडी क्लिनिकची तारीख मिळवायची, मग एकीकडे बुद्ध्यांक चाचणी, दुसरीकडे वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ. शाळेची पत्रं, जुन्या वह्या, सगळं पोतं घेऊन जायचं. बरं, एकदा काढला की संपलं असंही नाही, आठव्या वर्षी काढलेला दाखला चौदाव्या वर्षी परत तपासून घ्यायचा आणि अठराव्या वर्षी पुन्हा. डिस्लेक्सिया म्हणजे जणू गाडीचं पीयूसी.

आणि पहिल्या पाचात होता म्हणून एलडी नाही, हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं तुम्हाला? एलडीची व्याख्याच अशी की बुद्धी ठीक असते. माझी मुलगी तोंडी विचारा, अख्खा इतिहास सांगेल. लिहायला बसवा, 'स्वातंत्र्य' हा शब्द एका पानावर चार प्रकारे येतो.

हिशेबनीस_घोडबंदर

मी खऱ्या मुलांबद्दल बोललोच नाही. खोट्यांबद्दल बोललो. वाचायला शिका.

सानपाड्याची_आई

'वाचायला शिका'? डिस्लेक्सियाच्या धाग्यावर? वा. शाब्बास.

टीपकागद

🍿

हिशेबनीस_घोडबंदर

ताई, शब्दात पकडू नका. माझं गणित साधं आहे. सगळ्यांना एकच पेपर, तर वेळही एकच हवा.

सानपाड्याची_आई

गणितच काढलंत तर हे घ्या. तुमच्या मुलीने इंटरमिजिएट ड्रॉइंग दिली असेल ना? 'ए' ग्रेडचे ७ गुण दहावीच्या मार्कांत वाढवून घेतलेत की परत केलेत? खेळाचे वेगळे, लोकनृत्याचे वेगळे. तेव्हा 'एकच पेपर' आठवत नाही. एलडीची सवलत म्हणून बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित घेतलेल्या पोराला पुढे सायन्सला उभंही करत नाहीत, तो सौदा मात्र तुम्हाला दिसत नाही.

आता लेखनिकाचं सांगते, मग जे बोलायचं ते बोला. नियम असा की लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा. म्हणजे नववीचं पोर. मार्चमध्ये नववीच्या पालकाला विचारून बघा, 'तुमची मुलगी आमच्यासाठी सात-आठ दिवस देईल का?' चेहरे बघण्यासारखे असतात. सानपाडा, जुईनगर, नेरूळ, ओळखीची सगळी घरं पालथी घातली. शेवटी माझ्या नणंदेच्या सोसायटीतली एक गोड मुलगी तयार झाली. पण ती इंग्रजी माध्यमाची, आणि आमची मराठी माध्यमाची. विज्ञानाच्या पेपरला माझी मुलगी 'प्रकाशसंश्लेषण' म्हणाली आणि ती पोर म्हणाली, 'ताई, स्पेलिंग सांग ना.' कोणाला विचारतेय बघा! जोडाक्षरं सोडवण्यातच तो तुमचा जादा वेळ गेला. पेपर सुटल्यावर दोघीही रडत बाहेर. तुमच्या मुलीचा अर्धा निबंध राहिला, आमचा अख्खा प्रश्न राहिला.

ट्रान्सहार्बर

लेखनिकाचा प्रश्न खरा आहे. मी स्वतः अंध. कॉलेजात माझा एक लेखनिक स्वतःचं ज्ञान पाजळायचा. मी सांगायचो एक, तो 'असं कसं असेल' म्हणून लिहायचा दुसरं. त्या विषयात मला आयुष्यातले सर्वाधिक गुण मिळाले 😀 पुढच्या वर्षी जो आला त्याला झोप यायची.

हिशेबनीस_घोडबंदर

बघा! म्हणजे लेखनिक उत्तरं लिहितात हे तुम्हीच कबूल केलंत. माझा मुद्दा सिद्ध.

ट्रान्सहार्बर

साहेब, विनोद होता. आणि खालच्या इयत्तेचा नियम त्याचसाठी आहे. त्याची किंमत सानपाड्याच्या ताईंनी मोजली, तुम्ही नाही.

सानपाड्याची_आई

यांना मुद्दा सिद्ध करायचाय, आम्हाला मूल दहावी करायचंय. यांच्या घरी असं मूल नाही, देव करो नि नातवंडांतही नसो, पण

व्यवस्थापक

नातवंडांपर्यंत जाऊ नका. वैयक्तिक प्रतिसाद उडवले जातील. मूळ विषय विशेष शाळांच्या निकालांचा आहे.

हिशेबनीस_घोडबंदर

मला शाप दिले तरी चालतात, माझाच प्रतिसाद वैयक्तिक. छान. जाता जाता, जोडाक्षरांचा किस्सा वाईट वाटला. बोर्डाने प्रशिक्षित लेखनिकांची यादीच ठेवली पाहिजे, त्याला माझा विरोध नाही. खोट्या दाखल्यांना आहे आणि राहील.

कोपरीची_बाई

एलडीच्या भांडणात आमची मुलं नेहमीसारखी मागच्या बाकावर. एलडी, अंध, कर्णबधिर मुलांना वेळ, लेखनिक, भाषेची सूट दिली की ती तोच पेपर देऊ शकतात. त्यांच्याबाबत निकाल मागा, जरूर मागा. बौद्धिक अक्षमतेत वेळ वाढवून काय होणार? तीन तासांत न कळलेलं चार तासांत कळत नाही. ग्रुपवरच्या त्या गृहस्थांनी सगळ्या विशेष शाळा एका पोत्यात भरल्या, तिथे माझं डोकं फिरलं.

ऐरोलीचा_बाप

हे तुम्ही पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर निम्मा धागा वाचला असता. पण 'बौद्धिक अक्षमतेत काय होणार' हेच वाक्य मला त्या केबिनमध्ये ऐकवलं होतं. सौम्य गटातली निदान काही मुलं ओबीई करतात, त्यातली काही एनआयओएसची दहावी करतात. कोणती, ते प्रयत्न केल्याशिवाय कसं कळणार? सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातल्या शेवटच्या १ टक्क्यात बौद्धिक अक्षम, स्वमग्न, एलडी, मानसिक आजार, बहुविकलांग असे सगळे कोंबलेले. त्या एका टक्क्यासाठीही जाहिरातीत पहिली अट असते दहावी पास. म्हणजे दार आमच्या नावाचं आणि कुलूप परीक्षेचं. तुमची पोळ्यावाली मुलगी हुशार आहे, कबूल. कॅन्टीन बंद पडलं की ती काय दाखवणार?

कोपरीची_बाई

मग भांडा ना त्या अटीशी! पोळ्या लाटायला, लेबल लावायला, झाडू मारायला दहावी कशाला लागते? ती अट काढायला मोर्चा काढा, मी येते पुढे चालायला. कुलूप चुकीचं असलं तर प्रत्येक पोराला किल्ली घडवायला लावायची, ही कुठली रीत?

ऐरोलीचा_बाप

मोर्चाचा निकाल लागेपर्यंत माझा मुलगा पन्नाशीला येईल. मला या वर्षीचा फॉर्म भरायचा होता.

नवी_आई_खारघर

मधेच विचारते, माफ करा. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, बुद्ध्यांक ६२, इथल्याच केंद्रात चाचणी केली. एनआयओएसच्या दहावीला वयाची अट काय? आणि गणित घ्यावंच लागतं का? शाळा म्हणते अठरापर्यंत बघू, मग काम शिकवणाऱ्या कार्यशाळेत टाकू.

ऐरोलीचा_बाप

चौदा पूर्ण लागतात, वरची मर्यादा नाही. गणित सक्तीचं नाही. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. आधी ओबीईची पातळी तपासा, थेट दहावीत उडी नको. आणि 'अठरापर्यंत बघू' ऐकून घेऊ नका. अठराला मूल यादीतून बाहेर जातं, शाळेची जबाबदारी संपते.

कोपरीची_बाई

ताई, यांचं बाकी सगळं ऐका, पण सकाळी शाळा, संध्याकाळी ट्यूशन, रविवारी टेस्ट असं करू नका. निम्मा दिवस विषय, निम्मा दिवस बस, बाजार, स्वयंपाकघर. हे तुमच्या शाळेकडून लेखी घ्या, आराखड्यात. आणि वर्षाअखेरी 'प्रगतिपथावर' लिहून आलं तर सही करू नका.

टीपकागद

आत्ता बाईच बापाच्या बाजूला गेल्या की काय?

कोपरीची_बाई

गेले नाही. निकालाच्या फलकाला माझा विरोध कायम आहे. लावायचाच हट्ट असेल तर शाळेत एकूण मुलं किती, कुठल्या गटातली, परीक्षेला बसवली किती, कुणाला प्रवेश नाकारला, आणि सुटल्यावर दोन वर्षांनी कोण कुठे आहे, हे सगळं त्याच फलकावर छापा. नुसती टक्केवारी नको.

ऐरोलीचा_बाप

चालेल. माझी तर हीच मागणी होती, तुम्ही ती जास्त लांब केलीत. फक्त आराखड्यातली किती उद्दिष्टं तीन वर्षं तशीच राहिली, तो रकानाही टाका.

कोपरीची_बाई

टाकते. आणि त्याच फलकाशेजारी ठाण्यातल्या शंभर टक्केवाल्या शाळांनी नववीत किती पोरांना १७ नंबर दिला तो आकडा लावावा. आधी त्यांचा, मग आमचा.

हिशेबनीस_घोडबंदर

आणि एलडीचे दाखले किती, तोही.

सानपाड्याची_आई

हे गेले नव्हते का?