उष्ण देशातला प्रवास आणि तब्येत : तुमचे अनुभव लिहा

शेवंती
काल कपाट आवरताना पिवळं कार्ड सापडलं. यलो फीवरच्या लशीचं, २०१२ साली घानाला गेले होते तेव्हाचं. भाचीला पुढच्या महिन्यात कामासाठी तिकडेच जायचंय, म्हणून तिला दाखवायला बाजूला काढलं आणि हातात घेऊन तशीच बसून राहिले. सगळं आठवलं.

तिथे मी एकदाही आजारी पडले नाही. उकळलेलं पाणी, मच्छरदाणी, आठवड्याची मलेरियाची गोळी, सगळं नेमाने. घरी आले आणि गोळी बंद केली. आता कुठले तिथले डास, असं वाटलं. ती परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची असते, पाकिटावर लिहिलेलं होतं.

अकराव्या दिवशी थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी व्हायरल म्हणून औषध दिलं. त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही की मी नुकती घानाहून आलेय. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी मावशी भेटायला आली, माझे डोळे बघून म्हणाली, "तू परदेशातून आलीस ना गं? मग रक्त तपासलं का?" फाल्सिपॅरम, म्हणजे जास्त घातक प्रकारचा मलेरिया, निघाला. दोन दिवस अतिदक्षता विभागात होते. मावशी आली नसती तर काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो.

भाचीला एकच वाक्य पाठ करायला लावलंय : ताप आला की डॉक्टरकडे दारातच सांगायचं, मी अमुक देशातून अमुक तारखेला आलेय. वर्षभर सांगायचं.

तुमचेही अनुभव लिहा. काय चुकलं, काय उपयोगी पडलं. तिला वाचायला देणार आहे.

रानपाखरू
बापरे शेवंतीताई. वाचतानाच पोटात गोळा आला.

आमचं कंबोडिया. सियाम रीप, तिसरा दिवस, उन्हातून आल्यावर बर्फ घातलेलं सरबत. बाटलीबंद पाण्याशिवाय काही पीत नव्हतो, पण बर्फाचं डोक्यातच आलं नाही. रात्री दीड वाजल्यापासून सुरू, सकाळपर्यंत उभं राहवेना. ओआरएसची पाकिटं होती, नवऱ्याने एका ग्लासात अख्खं पाकीट कालवून दिलं, घट्ट केलं की जास्त ताकद येईल म्हणून. उलट वाढलं. खाली घरमालकीण होती, तिला भाषा येत नव्हती पण तिने बाटली दाखवून खुणेने सांगितलं, एवढ्या पाण्यात एवढंच. लिटरभर पाण्यात एक पाकीट. मग घोट घोट घेत संध्याकाळपर्यंत उठून बसले. ती बाई दर तासाला वर येऊन बघून जायची.

किनारा
धागा महत्त्वाचा आहे. मुलीचा अभ्यास घेतेय, नंतर सविस्तर लिहिते.

जुनापिंपळ
@रानपाखरू, घट्ट केल्यावर वाढलं त्याचं कारण : साखर-मीठ जास्त झालं की आतडं उलट शरीरातलंच पाणी ओढून घेतं. प्रमाणातच सगळी जादू आहे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाटच.

या विषयावर डॉ. दिलीप महालनबीस यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. १९७१, पश्चिम बंगालमधल्या बनगावची निर्वासित छावणी, कॉलरा, सलाईन संपलेलं. त्यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ च्या खाली आलं. २०२२ मध्ये गेले. ओआरएसचं पाकीट फोडताना दर वेळी मला ते आठवतात.

मधुमालती७
+१ जुनापिंपळ. माझे वडील त्या काळात तिकडे नोकरीला होते, छावण्यांबद्दल सांगायचे. तो वेगळाच विषय, कधीतरी लिहीन.

सावली_उन्हाची
बाली, उबुद. माकडाने बहिणीच्या खांद्यावर उडी मारली आणि माझ्या हाताला ओरखडा. रक्त आलं थोडंसंच. सोबतचे सगळे म्हणत होते काही नाही होत, फोटो काढा. बहीण परिचारिका आहे. तिने मला नळाखाली उभं केलं आणि घड्याळ लावून १५ मिनिटं साबणाने हात धुवायला लावला. बालीत २००८ पासून रेबीज आहे हे तिला माहीत होतं, मला नव्हतं.

पुढचं अवघड. लस मिळाली, पण मी आधी कधीच रेबीजची लस घेतलेली नव्हती, त्यामुळे इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागणार होतं. ते तीन ठिकाणी नव्हतं. चौथ्या ठिकाणी मिळालं, रात्री ११ वाजता. तो दिवसभराचा प्रवास मी विसरणार नाही. बहिणीने कामामुळे आधीच लस घेतलेली होती. तिला ओरखडा असता तर फक्त दोन डोस, बाकी काही लागलं नसतं. आडगावात राहायचं असेल, प्राण्यांशी संबंध येणार असेल तर जाण्याआधी डॉक्टरांशी हे बोलाच. रेबीज एकदा लक्षणं दिसेपर्यंत गेला की हातात काही राहत नाही.

टिपूर
माकडं चष्मे पण पळवतात. आमच्या एका काकांचा पळवला, फळ दिल्यावर परत दिला.

रानपाखरू
टिपूर, चष्म्यावरून आठवलं. माझ्या चष्म्याची काडी डासांच्या क्रीमने चिकट झाली आणि वरचा थर निघाला. त्यातल्या डीट या डास पळवणाऱ्या रसायनाने प्लास्टिक खराब होतं हे नंतर कळलं. घड्याळाची काच पण गेली.

टिपूर
हो ना, हात धुऊन मगच चष्म्याला हात लावायचा. आणि उन्हाचं क्रीम आधी, ते मुरलं की वर डासांचं.

चिऊची_आई
लहान बाळाला डीट चालतं का? आम्ही जाणार आहोत, चिऊ दीड वर्षाची आहे.

गवतफूल
भाचीसाठी एक महत्त्वाचं. मी युगांडात दोन वर्षं होते. तिकडे एक माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते, टुंबू म्हणतात. बाहेर वाळत घातलेले कपडे तसेच घातले की अळी कातडीत शिरते. मला पाठीवर फोड आला, मध्ये काळा ठिपका, आत काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. रात्री झोपच लागायची नाही. ऑफिसातल्या सफाईवाल्या ताईंनी बघितल्याबरोबर ओळखलं, वर व्हॅसलीनचा जाड थर लावला. अळीला हवा मिळेना की ती वर येते, मग काढायची. त्यानंतर अंतर्वस्त्रांपासून टॉवेलपर्यंत सगळ्याला कडक इस्त्री, शिवणींवर जास्त. घानातही ही माशी आहे. प्रवासी इस्त्री द्या तिच्या सामानात.

शेवंती
गवतफूल, हे मला तिथे राहूनही माहीत नव्हतं!! आमच्याकडे कपडे आतच वाळत घालायचे, कदाचित म्हणूनच. लिहून घेतलं. इस्त्री मीच घेऊन देते.

जुनापिंपळ
@चिऊची_आई, दोन महिन्यांखालच्या बाळाला नको, त्यावरच्यांना चालतं. पण हातांना, डोळ्यांजवळ, तोंडाजवळ लावू नका, मुलं बोटं तोंडात घालतात. स्वतःच्या हातावर घेऊन मग तिला लावा. किती टक्क्यांचं घ्यायचं ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी हे आधी.

आणि दिवसाही जपा. मलेरियाचा डास रात्री चावतो, डेंगीचा दिवसा, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त.

चिऊची_आई
खूप आभार दादा 🙏

निळाशार
मलावी तळे. केप मॅक्लिअर. पाणी इतकं नितळ की तळाचे मासे दिसतात. तीन दिवस रोज पोहलो. मगर नाही ना एवढंच विचारलं. सहा आठवड्यांनी कोरडा खोकला, अंगाला खाज, संध्याकाळी ताप. दोन डॉक्टर झाले. तिसऱ्यांनी विचारलं, कुठे गोड्या पाण्यात उतरला होतात का? बिलहार्झिया, कृमींचा आजार. गोगलगाईतून बाहेर पडलेल्या अळ्या कातडीतून आत शिरतात, जखम लागत नाही, कळतही नाही. प्राझिक्वांटेलने बरा झालो. समुद्रात किंवा क्लोरीन घातलेल्या तलावात हा धोका नाही. शेवंतीताई म्हणतात ते अगदी खरं, त्या तिसऱ्या डॉक्टरांनी तो एक प्रश्न विचारला नसता तर अजून किती दिवस गेले असते कोण जाणे.

मधुमालती७
निळाशार, आता बरे आहात ना? फोटो असेल तर टाका तळ्याचा.

निळाशार
ठणठणीत. शोधून टाकतो.

अबोली_म
चिकुनगुन्या. ताप चार दिवसांत गेला, गुडघे आणि मनगटं आठ महिने. सकाळी दाराची कडी निघायची नाही. हे नाव मकोंडे भाषेतलं आहे, वाकून जाणं अशा अर्थाचं. १९५२ मध्ये दक्षिण टांझानियात साथ आली तेव्हा तिथल्या लोकांनी ठेवलेलं. ज्याने नाव ठेवलं त्याला काय दुखत होतं ते मला समजतं.

एक सांगते, तापाचं निदान होण्याआधी अॅस्पिरीन, आयबुप्रोफेन घेऊ नका. डेंगी असेल तर रक्तस्राव वाढतो. पॅरासिटॅमॉलच. आणि डेंगीत ताप उतरला की सुटलो असं समजू नका. माझ्या भावाची तब्येत ताप उतरल्यावरच बिघडली, पोटात प्रचंड दुखत होतं, उलट्या थांबेनात. वेळेत नेलं म्हणून वाचला.

कोवळंऊन
बाबांचं इन्सुलिन हॉटेलच्या फ्रीजमध्ये ठेवलं, बर्फाच्या कप्प्याला टेकून. गोठलं. परत वितळलं तरी ते वापरायचं नसतं, सगळं टाकून द्यावं लागलं. विमानात पण हातातल्या बॅगेतच ठेवा, खालच्या सामानात गोठू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत.

टिपूर
शेवंतीताई, त्या पिवळ्या कार्डावर १० वर्षं मुदत लिहिली असेल ना? ते आता धरत नाहीत. जुलै २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते, जुनी कार्डंसुद्धा. भाचीला मात्र निघण्याच्या निदान १० दिवस आधी घ्यावी लागेल, त्याशिवाय कार्ड लागू होत नाही.

शेवंती
अगं हो, २०२२ पर्यंतच लिहिलंय! म्हणजे जपून ठेवते. तिचं तिकीट २० दिवसांवर आहे, उद्याच पाठवते लशीला.

किनारा
आले. सगळं बहुतेकांनी लिहून झालंय. माझं एकच, भाचीला मलेरिया टाळायला डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली तर ती भरपूर पाण्याबरोबर आणि बसूनच घ्यायला सांगा, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. मी झोपताना घोटभर पाण्यावर घेतली, अन्ननलिकेत अडकली, चार दिवस थुंकी गिळता येत नव्हती. उन्हाने कातडीही पटकन भाजते त्यावर. आणि शेवंतीताई, परत आल्यावरचे चार आठवडे त्या गोळीलाही आहेत. तिच्या फोनवर गजर तुम्हीच लावून द्या.