टेक्सास : नवऱ्याला घरात पिस्तूल हवंय, सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर येतायत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोजवळ राहतो. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४. ग्रीन कार्ड हातात पडलं आणि नवऱ्याने पिस्तुलाचा विषय काढला. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होतो तोवर प्रश्नच नव्हता, कारण शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक बाळगताच येत नाही. आता दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, एफबीआयची तपासणी झाली की पिस्तूल घरी. भारतात परवाना का हवा हे आधी पटवून द्यावं लागतं, इथे तसलं काही नाही.

दिवाळीत आमच्या सबडिव्हिजनमध्ये दोन देशी घरं फोडली, सोनं गेलं. तेव्हापासून त्याने हे जास्तच मनावर घेतलंय. मला २०२३ चा जवळच्या ॲलन गावातल्या आउटलेट मॉलमधला गोळीबार आठवतो. ८ माणसं गेली, आणि आम्ही त्याच मॉलमध्ये मुलांचे बूट घेतो. त्यावर तो म्हणतो, "म्हणूनच तर!" एकाच घटनेतून आम्ही दोघं उलट्या टोकांना जातो, त्यामुळे चर्चा पुढे सरकत नाही.

अडलंय ते कुलपावर. मी म्हटलं, घ्यायचंच तर तिजोरीत, गोळ्या वेगळ्या. तो म्हणतो, मग रात्री तीन वाजता उपयोग काय? वर २००८ चा हेलर खटला ऐकवतो. वॉशिंग्टन डीसीत घरातली बंदूक सुटी करून किंवा ट्रिगरला कुलूप लावून ठेवायची सक्ती होती, ती सुप्रीम कोर्टाने हँडगनच्या बंदीसकट उडवली. बरोबर आहे, पण त्या कोर्टाच्या घरात चार वर्षांची मुलगी नव्हती ना!

त्यात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत, बी-२ वर. त्यांच्यामुळे काही कायदेशीर भानगड होईल का? आणि कुलूपही राहील, वेळेला हाताशीही येईल, अशी सोय कुणी केली आहे का? गन चांगली की वाईट यावर कृपया हाणामारी नको. (होणारच, माहीत आहे.)

---

बार्बेक्यूवाला : ऑस्टिनला राहतो, बरीच वर्षं पिस्तूल आहे. पलंगाशेजारी बोल्टने पक्की केलेली छोटी तिजोरी, बोटाच्या ठशाने दोन-तीन सेकंदांत उघडते. म्हणजे तुमचं दोघांचंही भागेल. आमच्या इथे पोलीस यायला वेळ लागतो, तोवर मी काय करायचं याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. एक मात्र नक्की, नवऱ्याबरोबर तुम्हीही प्रशिक्षण घ्या.

निशिगंध_७ : ताई, व्हिसाचं आधी बघा. बी-२ वरच्या माणसालाही तीच बंदी आहे जी तुम्हाला एच-१बीवर होती. आणि ताबा म्हणजे फक्त हातात धरणं नव्हे. तिजोरीची किल्ली किंवा कोड त्यांच्याकडे असेल तरी तो ताबा मानला जाऊ शकतो. त्यामुळे ठसा फक्त नवऱ्याचा. आईवडिलांना हौसेने नेमबाजीच्या रेंजवर नेऊन फोटो काढणारे बरेच दिसतात, तसलं काही करू नका. ग्रीन कार्डवर बंदुकीसंबंधी गुन्हा सिद्ध झाला तर प्रकरण हद्दपारीपर्यंत जातं. इमिग्रेशन वकिलाची एक तासाची फी त्या मानाने स्वस्त.

आजीचा_बटवा : हाणामारी करत नाही, पण एक सांगते. मुलगा आज ९ चा आहे, पुढे १५ चा होईल. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, चोर-बिर नव्हे. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हाही आहे. आणि तुमच्या इथली घरं फुटली तेव्हा आत कुणी होतं का?

बार्बेक्यूवाला : हाच मुद्दा दरवेळी येतो. म्हणून तर तिजोरी म्हणालो.

आजीचा_बटवा : पंधरा वर्षांच्या मुलाला घरातला प्रत्येक कोड माहीत असतो हो. आमच्याकडे नेटफ्लिक्सचा पासवर्ड तोच बदलतो.

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार. नाही, दोन्ही घरं रिकामी होती, मंडळी दिवाळीच्या कार्यक्रमाला गेली होती. म्हणजे पिस्तूल असतं तर सोन्याबरोबर तेही गेलं असतं. हे आज नवऱ्याला विचारते. सोनं मात्र बँकेच्या लॉकरमध्ये हलवतोय, त्यावर एकमत झालं.

निशिगंध, अजून एक. सासरे पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. घरात पिस्तूल आहे हे कळलं की पहिल्याच दिवशी "आण बघू इकडे" म्हणणार. नुसतं बघायला हातात दिलं तर?

निशिगंध_७ : देऊ नका. देणाऱ्याच्याही अंगाशी येऊ शकतं. येण्याआधीच फोनवर सांगून ठेवा, आणि ते नवऱ्याला सांगू दे, तुम्ही नको.